महापौराची खुर्ची आणि कचऱ्याची गाडी

मंगळवार, १ एप्रिल

इमिग्रेशनची रांग संपवून बाहेर आलो आणि पाटीवर नाव वाचलं: मेनार्ड एच. जॅक्सन ज्युनियर आंतरराष्ट्रीय टर्मिनल. बावीस-तेवीस तासांच्या प्रवासाने अंग आंबलं होतं, पण त्या नावासरशी झोप उडाली. गेलं वर्षभर लेकीला फोनवर सांगत होतो, मला नायगारा नको, डिस्ने नको, तुझं अटलांटा दाखव. ते या माणसासाठी.

१९७३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे महापौर म्हणून निवडून आले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या शहराला मिळालेले हे पहिले कृष्णवर्णीय महापौर. तेव्हापासून आजपर्यंत त्या खुर्चीवर प्रत्येक वेळी कृष्णवर्णीय माणूसच बसला आहे. पन्नासहून अधिक वर्षं. आणि हे अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात, जिथे १९४६ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांना मत देता यायचं, आणि खरी निवडणूक तीच असायची.

मला या शहराची ओढ लागली त्याचं कारण घरचं आहे. माझे वडील एका जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेत सफाई कामगार होते. पहाटे पाचला हजेरी, मग हातगाडी, फावडं आणि घमेलं. पुढे आरक्षण आलं आणि आमच्याच समाजातला, आमच्याच गल्लीत वाढलेला माणूस नगराध्यक्ष झाला. त्या रात्री वडिलांनी पेढे वाटले. पेपरातला त्याचा फोटो कापून, फ्रेम करून, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. दीडेक वर्षाने थकलेल्या पगारासाठी कामगार संपावर गेले, आणि त्याच माणसाच्या सहीने रोजंदारीवरच्या सगळ्यांना घरी बसवलं गेलं. माझ्या धाकट्या काकांचं नाव त्या यादीत होतं. मी नुकता नोकरीला लागलो होतो, रक्त गरम होतं. वडिलांना म्हणालो, तो फोटो आधी खाली काढा. ते काही बोलले नाहीत. खांद्यावरच्या फडक्याने फ्रेमची काच पुसली आणि कामावर गेले. ते गेले तोवर फोटो भिंतीवरच होता.

अटलांटात नेमकं हेच घडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून हे शहर डोक्यातून जात नव्हतं.

विमानतळाचं पूर्ण नाव हार्ट्सफील्ड-जॅक्सन. हार्ट्सफील्ड हे जुने गोरे महापौर, अटलांटा म्हणजे द्वेष करायलाही सवड नसलेलं शहर, असं सांगत ते मिरवायचे. जॅक्सन यांचं नाव २००३ मध्ये त्यांच्या निधनानंतर जोडलं गेलं. विमानतळाला त्यांचं नाव देण्यामागे तसंच कारण आहे. सत्तरच्या दशकात इथे नवं टर्मिनल बांधायचं होतं. जॅक्सन यांनी अट घातली की कामाचा चौथा हिस्सा कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक ठेकेदारांना मिळालाच पाहिजे. मोठ्या गोऱ्या कंपनीला काम हवं असेल तर तिने लहान कृष्णवर्णीय कंपनीला भागीदार करून घ्यायचं, नाहीतर टेंडर भरायचंच नाही. तोपर्यंत शहराच्या कंत्राटांत कृष्णवर्णीयांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. व्यापारी मंडळी खवळली, वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. महापौर हटले नाहीत. बँकांनाही त्यांनी सांगितलं, संचालक मंडळावर आमची माणसं घ्या, नाहीतर शहराच्या ठेवी दुसरीकडे जातील. १९८० च्या सप्टेंबरात टर्मिनल उभं राहिलं.

गाडीत बसताना जावईबापू म्हणाले, "बाबा, पहिल्याच दिवशी तुम्ही विमानतळाचे एवढे फोटो काढताय?" मी म्हटलं, माझ्यासाठी हे स्मारकच आहे.

बुधवार, २ एप्रिल

लेक राहते ती कमिंगला. अटलांटाच्या उत्तरेला, फोरसाइथ काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. दाराशी उभ्या गाडीवर हळदीसारखी पिवळी पूड बसली होती. बोटाने रेघ ओढली तर बोट पिवळं. पाइनचा पराग. एप्रिलमध्ये इथे सगळ्यांवर तो असा बसतो, गाड्यांवर, ओट्यावर, कुत्र्यांच्या पाठीवर.

वसाहतीत संध्याकाळी फेरी मारली तर तेलुगू, तमिळ, गुजराती आणि मराठी कानावर येते. दोन घरं सोडून एक सोलापूरकडचं कुटुंब आहे, त्यांनी संध्याकाळी शेंगाचटणी पाठवली. २०२० च्या जनगणनेत या काउंटीत शंभरातले अठराच्या आसपास लोक आशियाई निघाले, आणि त्यांत आपलेच बहुसंख्य. चांगल्या शाळा, मोठी घरं, शांत रस्ते. लेक इथे सुखात आहे याचा मला आनंद आहे.

पण ही जमीन कोणती आहे? सप्टेंबर १९१२ मध्ये एका गोऱ्या तरुणीवर हल्ला झाला, ती पुढे दगावली. संशयावरून रॉब एडवर्ड्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला जमावाने तुरुंगातून ओढून मारलं आणि कमिंगच्या चौकात टांगलं. दोन कोवळ्या मुलांना झटपट खटला चालवून हजारोंच्या समोर फाशी दिलं. मग रात्री-अपरात्री घोडेस्वार घराघरांवर जायला लागले. चर्च जाळली. काही आठवड्यांत हजाराहून अधिक कृष्णवर्णीय माणसं, म्हणजे काउंटीतली जवळपास सगळीच, गुरं-ढोरं, उभी पिकं आणि जमिनी मागे टाकून निघून गेली. पुढे तीन पिढ्या इथे कृष्णवर्णीय माणसाला रात्र काढता आली नाही. १९८७ च्या जानेवारीत थोड्या लोकांनी बंधुभावाची पदयात्रा काढली तर त्यांच्यावर दगड-बाटल्या पडल्या. पुढच्या शनिवारी अटलांटाहून वीसेक हजार लोक आले. नागरी हक्कांच्या चळवळीतले होसिया विल्यम्स, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा किंग, जॉन लुइस आणि तेव्हाचे महापौर अँड्र्यू यंग. नॅशनल गार्डच्या बंदोबस्तात ते चालले.

दुपारी लेकीला म्हटलं, कमिंगच्या चौकात ने. तिथे या घटनेचा फलक लावला आहे. लेक इथे नऊ वर्षं राहते, त्याच चौकात दर वर्षी नाताळचे दिवे बघायला जाते, पण फलक तिने आज पहिल्यांदा वाचला. उभ्या उभ्या दोनदा वाचला. नंतर गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, आपल्याला इथे घर मिळालं, पण त्यांना अजून..." काउंटीत कृष्णवर्णीय आजही शंभरात चार-पाचच आहेत. मी म्हटलं, आपल्या गावकुसाबाहेरच्या जमिनीची गोष्ट तुला आजीने सांगितली होती ना, तशीच ही समज.

गुरुवार, ३ एप्रिल

कमिंगहून अटलांटाला जायला रेल्वे नाही. लेकीने नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनला सोडलं. मार्टाचा, म्हणजे अटलांटाच्या रेल्वे-बस सेवेचा, उत्तरेकडचा लोहमार्ग तिथे संपतो. का संपतो, तेही वर्णाचंच राजकारण आहे. मार्टाची योजना साठच्या दशकात आली तेव्हा ती पाच काउंट्यांना जोडायची होती. कॉब काउंटी सुरुवातीलाच बाहेर पडली. १९७१ च्या सार्वमतात क्लेटन आणि ग्विनेट यांनी नकार दिला. फुल्टन आणि डीकॅल्ब राहिले, तेही फुल्टनमध्ये फक्त ४६१ मतांच्या फरकाने. रेल्वे आली तर शहरातले कृष्णवर्णीय आमच्या दारात येतील, हे उपनगरांतल्या गोऱ्यांचं भय होतं, आणि मार्टाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी एक घाणेरडी कोटीही रचली होती. ती इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. कृष्णवर्णीय नेत्यांनी पाठिंब्याच्या बदल्यात तिकीट ४० सेंटवरून १५ सेंटवर आणून घेतलं, आणि ते सात वर्षं टिकवलं. सौदा करावा तर असा! त्याच साठच्या-सत्तरच्या दशकांत गोरे शहर सोडून बाहेर पडत होते. १९६० मध्ये शहरात कृष्णवर्णीय ३८ टक्के होते, १९७० मध्ये ५१, १९८० मध्ये ६७. जॅक्सन निवडून आले त्यामागे हेही गणित आहे. खुर्ची हाती आली तेव्हा पैसेवाले गाव सोडून चालले होते.

फाइव्ह पॉइंट्सला उतरून चालत सिटी हॉलपर्यंत गेलो. १९३० ची उंच, निमुळती इमारत. आणि तिच्या जवळच, रस्त्यापलीकडे, जॉर्जिया राज्याचं विधान भवन, सोन्याच्या वर्खाने मढवलेला घुमट. दोन्ही इमारती एकाच नजरेत मावतात. या शहराचं सगळं राजकारण या दोन इमारतींत आहे. इकडे कृष्णवर्णीय महापौर, तिकडे बहुतेक वेळा ग्रामीण आणि उपनगरी गोऱ्या मतांवर निवडून आलेलं सरकार. शहराची सनद राज्याच्या हातात, नवा कर लावायचा तर त्यांची परवानगी. ज्या विमानतळासाठी जॅक्सन लढले तोच शहराच्या हातून काढून घ्यायचं विधेयक राज्याच्या सिनेटने २०१९ मध्ये मंजूर केलं होतं. पुढे ते अडलं, म्हणून वाचला. महापालिका आणि मंत्रालय यांचं नातं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

विधान भवनाच्या आवारात एक शिल्प शोधत होतो. १८६८ साली, यादवी युद्धानंतर, इथे तेहतीस कृष्णवर्णीय आमदार निवडून आले होते. काही महिन्यांत गोऱ्या आमदारांनी ठराव करून त्यांना रंगावरून सभागृहाबाहेर काढलं. त्या तेहतीस जणांचं ते स्मारक. १९६५ मध्ये ज्युलियन बाँड निवडून आले, त्यांनाही व्हिएतनाम युद्धाला विरोध केला म्हणून इथेच शपथ घेऊ दिली नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा कुठे जागा मिळाली. आणि २०२१ चा कायदा: मतदान केंद्राच्या दीडशे फुटांत रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणं गुन्हा. लांब रांगा कोणत्या वस्त्यांत लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. शिल्पाजवळच्या बाकावर बसून मी डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण कृष्णवर्णीय कर्मचारी शेजारी बसून फोनवर आईशी बोलत होता, एवढं कळलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

मार्टिन ल्यूथर किंग यांचा स्मृतिदिन. १९६८ च्या याच तारखेला मेम्फिसला त्यांना गोळी लागली.

सकाळीच ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूला पोचलो, आज हीसुद्धा बरोबर होती. किंग यांचं जन्मघर दुरुस्तीसाठी बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. पुढे जुनं एबेनेझर चर्च. आत बाकांवर बसलं की ध्वनिवर्धकातून किंग यांची जुनी प्रवचनं ऐकू येतात. इथेच ४ जुलै १९६५ ला त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. १९५९ मध्ये ते भारतात आले असताना केरळात एका शाळेत गेले. तिथली मुलं तेव्हा अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या घरांतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, अमेरिकेतला एक अस्पृश्य बांधव आपल्याकडे आला आहे. किंग आधी चमकले, त्यांना ते लागलं. मग आपल्या लोकांचा विचार केला आणि मनाशी म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. बाकावर बसून मी हीला ही गोष्ट हळू आवाजात सांगितली. तिने पदर डोळ्यांना लावला.

आमच्याकडून हे नातं फार जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, आणि डुबॉइस यांनी उत्तर दिलं. ते डुबॉइस याच शहरात अटलांटा विद्यापीठात कितीतरी वर्षं शिकवत होते. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तिचं नाव कुठून आलं हे तर शेंबडं पोरही सांगेल.

रस्त्यापलीकडे निळ्या पाण्याच्या लांबट हौदात पांढऱ्या संगमरवरी समाध्या. किंग आणि कोरेटा. कडेला फुलांचे मोठे चक्राकार हार ठेवलेले. थोड्या अंतरावर गांधींचा पुतळा, १९९८ मध्ये भारताने दिलेला. येणारे भारतीय तिथेच जास्त फोटो काढत होते. मी नमस्कार केला आणि पुढे झालो. नव्या एबेनेझर चर्चचे पाद्री राफेल वॉर्नॉक, ते आता जॉर्जियाचे अमेरिकी सिनेटर आहेत. २०२० च्या नोव्हेंबरात या राज्याने अध्यक्षपदाचा कौल फक्त ११,७७९ मतांनी फिरवला आणि पुढच्या जानेवारीत वॉर्नॉक निवडून आले. किंग यांच्या व्यासपीठावरून थेट सिनेटमध्ये.

पण ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर दोन फर्लांग चाललात की जीव खाली होतो. एके काळी इथे अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीयांची दुकानं आणि कचेऱ्या होत्या. गुलाम म्हणून जन्मलेले आणि न्हाव्याचं काम करत मोठे झालेले अलॉन्झो हर्नडन, त्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेली अटलांटा लाइफ इन्शुरन्स इथलीच. जॅक्सन यांचे आजोबा जॉन वेस्ली डॉब्ज यांनी या रस्त्याला 'स्वीट ऑबर्न' हे नाव दिलं. १९४८ मध्ये शहराला पहिले आठ कृष्णवर्णीय पोलीस मिळाले. त्यांना पोलीस ठाण्यात गणवेश बदलायची परवानगी नव्हती, ते जवळच्या वाय.एम.सी.ए.च्या तळघरातून काम करायचे, आणि गोऱ्या माणसाला अटक करू शकत नव्हते. मग महामार्ग आला आणि बरोबर या वस्तीच्या छातीवरून नेला गेला. आज त्या पुलाखालून चालताना वर गाड्यांची सतत घरघर, खाली पिवळ्या परागाचे आणि पाण्याचे ओघळ, आणि गोधड्या पसरून झोपलेली तीन माणसं. रस्ता गेला तो कुणाचीही फॅक्टरी पाडून गेला नाही, डॉब्जच्या रस्त्यावरूनच गेला.

शनिवार, ५ एप्रिल

ज्यासाठी आलो तो दिवस.

लेकीच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची आई, वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका. तिचा मोठा भाऊ सत्तरच्या दशकात शहराच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. लेकीने महिनाभर आधी विचारून ठेवलं होतं. पास्कल्समध्ये भेटायचं ठरलं. जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी १९४७ मध्ये सुरू केलेली खाणावळ, जागा आता नवी आहे. जुन्या जागेत किंग आणि त्यांचे साथीदार तळलेल्या कोंबडीच्या ताटावर मोर्च्यांची आखणी करायचे. आजीबाई फिक्या जांभळ्या पोशाखात, डोक्यावर त्याच रंगाची टोपी, दहा मिनिटं आधीच येऊन बसलेल्या. मला त्या 'सर' म्हणत होत्या, मी त्यांना 'मॅडम' म्हणत होतो. लेक मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होती, कारण त्यांचा दक्षिणी उच्चार मला समजत नव्हता आणि माझं इंग्रजी त्यांना.

१९७७ च्या मार्चअखेर अटलांटाचे सफाई कामगार संपावर गेले. जवळपास सगळे कृष्णवर्णीय. मागणी ताशी ५० सेंट वाढीची. सात वर्षांपूर्वी, १९७० च्या संपात, उपमहापौर जॅक्सन हे गोऱ्या महापौराच्या विरोधात जाऊन याच कामगारांच्या बाजूने उभे राहिले होते. आता खुर्चीवर तेच. ते म्हणाले, तिजोरीत पैसा नाही, आणि शहराचं अंदाजपत्रक तुटीत ठेवायला कायदा परवानगी देत नाही. मुदत दिली. मुदत संपताच नऊशेहून अधिक कामगारांना काढून टाकलं आणि त्यांच्या जागी नवी माणसं भरायला घेतली. व्यापारी मंडळाने महापौरांना पाठिंबा दिला. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील, ज्यांना सगळं शहर डॅडी किंग म्हणायचं, त्यांनीही जाहीरपणे सांगितलं की संपवाल्यांना हाकलून द्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मेम्फिसला गेला होता तो कचरा कामगारांच्या संपाला बळ द्यायला. तिथेच मारला गेला. त्या बापाने हे म्हणावं! मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मी विचारलं, तुमचा भाऊ?

त्या थोडा वेळ ताटातल्या घेवड्याच्या दाण्यांशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, तो त्या यादीत होता. चार महिने घरी. माझ्या पगारावर दोन घरं चालली. मग त्याने पुन्हा अर्ज केला, त्याला घेतलं, पण आधीची नोकरी धरली नाही, नवा माणूस म्हणून घेतलं. निवृत्त होईपर्यंत तो ते विसरला नाही.

आणि ऑक्टोबरात? त्याच ऑक्टोबरात निवडणूक होती आणि जॅक्सन मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले होते.

"आम्ही सगळ्यांनी मेनार्डलाच मत दिलं," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानेसुद्धा. मीच त्याला गाडीतून केंद्रावर नेलं."

मला पुढचा प्रश्न विचारायचा धीर होईना. त्यांनीच सांगितलं. मेनार्ड यायच्या आधी आमच्या रस्त्यावर पोलीस गाडी थांबली की मुलं पळायची आणि मोठी माणसं हात दिसतील असे बाहेर काढून उभी राहायची. मेनार्डने त्या गोऱ्या पोलीसप्रमुखाशी उभा दावा मांडला आणि त्याच्या डोक्यावर आपला माणूस आणला. माझा एक विद्यार्थी पुढे इन्स्पेक्टर झाला. माझ्या चुलतभावाला विमानतळावर वायरिंगचं काम मिळालं, त्यावर त्याने घर बांधलं. आणि माझ्या भावाला मेनार्डने रस्त्यावर आणलं. "दोन्ही त्यानेच केलं," त्या म्हणाल्या, आणि टोपी सरळ केली.

मी लेकीला म्हटलं, यांना आपल्या आबांच्या फ्रेमची गोष्ट सांग. तिने सांगितली. आजीबाईंनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नंतर त्यांनी आम्हाला व्हाइन सिटीतून फिरवलं. सनसेट अ‍ॅव्हेन्यूवर किंग यांचं शेवटचं घर, विटांचं, साधं, आता राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात. तिथून जवळच मर्सिडीज-बेंझ स्टेडियम, आकाशातून पडल्यासारखं चकचकीत, आणि त्याच्या सावलीत फळ्या मारून बंद केलेली घरं. पुढे नैर्ऋत्येला पेटन रोड. १९६२ च्या डिसेंबरात एक कृष्णवर्णीय डॉक्टर गोऱ्या वस्तीत घर बघतोय कळल्यावर शहराने या रस्त्यावर चक्क लाकडी-लोखंडी अडसर उभा केला होता. न्यायालयाने मार्च १९६३ मध्ये तो काढायला लावला. गोरे लगोलग घरं विकून गेले. आज तिथे सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंबं राहतात, अंगणात डॉगवूडची पांढरी फुलं. अडसर कुठे होता ते आजीबाईंनी गाडीतूनच बोटाने दाखवलं.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी बेल्टलाइनवर चाललो. जुन्या रेल्वेमार्गाचा शहराभोवतीचा २२ मैलांचा वेढा, त्यावर टप्प्याटप्प्याने पायवाट केली आहे. सुरेख आहे, आणि कडेच्या नव्या इमारतींची भाडी ऐकून पोटात गोळा आला. जमिनीचे भाव चढले, घरपट्टी चढली, जुन्या वस्तीतले म्हातारे घरं विकून बाहेर पडतायत. २०२० च्या जनगणनेत शहरातले कृष्णवर्णीय निम्म्याच्याही खाली, ४७ टक्क्यांवर आले. उलट बकहेड हा श्रीमंत, बहुतांशी गोरा भाग, जो १९५२ मध्ये गोऱ्या मतांचं पारडं जड ठेवायला हार्ट्सफील्ड यांनी शहरात ओढून आणला होता, तो अलीकडे वेगळी नगरपालिका मागत होता. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटने ती मागणी ३३ विरुद्ध २३ मतांनी फेटाळली.

दुपारी ओकलंड दफनभूमी. इथे हजारो कॉन्फेडरेट सैनिक, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेकडून लढलेले, पुरलेले आहेत. गुलामांना जिथे पुरलं होतं ती जागा १८७७ मध्ये शहराने उकरून काढली, कारण ती जमीन गोऱ्यांना विकायची होती. याच भूमीत मेनार्ड जॅक्सन यांची कबर आहे, तिथून समोर शहराच्या उंच इमारती दिसतात.

मी मनाशी ठरवून आलो होतो की इथे उभं राहून त्यांना विचारायचं. नऊशे माणसं, साहेब, का? उभा राहिलो. दगडावर पिवळा पराग साचला होता, नावाच्या अक्षरांच्या खाचांत भरला होता. खिशातून रुमाल काढला आणि अक्षरं पुसली. हीने विचारलं, काय करताय. मी काही बोललो नाही.

सोमवार, ७ एप्रिल

रात्रीचं विमान. पहाटे नेहमीप्रमाणे जाग आली. सोमवारी वसाहतीतला कचरा उचलतात, लेकीने डबा आदल्या रात्रीच रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला होता. सात वाजता गाडी आली. बाजूने लोखंडी हात बाहेर आला, डब्याला मिठी मारून उचलला, उलटा केला, खाली ठेवला. चालकाला खाली उतरायचं कामच नाही. आमच्या डब्यातली एक पिशवी मात्र काठाला अडकून फाटली आणि शेंगांची टरफलं, चहाचा चोथा, पोळीचे तुकडे रस्त्यावर पडले. मी धावत जाऊन उचलायला लागलो. गाडी थांबली. मधल्या वयाचा कृष्णवर्णीय माणूस हातमोजे घालत खाली उतरला, म्हणाला, सर, तुम्ही नका हात लावू. तोवर दोघांनी मिळून भरलंही.

मी विचारलं, तुम्ही काउंटीचे नोकर का? तो म्हणाला, नाही, खाजगी कंपनी. घरमालक तीन महिन्यांची वर्गणी कंपनीला भरतात. युनियन? मान हलवून नाही म्हणाला. सकाळपासून किती घरं? त्याने हाताने सगळी वसाहत दाखवली, आणि पलीकडची, आणि तिच्या पलीकडची. मग घड्याळ बघितलं, केबिनमध्ये चढला आणि सोलापूरकरांच्या दारात लोखंडी हात पुन्हा बाहेर आला.